अस्सल आहे, पण मूळचं आहे का? जुन्या महागड्या घड्याळांच्या भागांची पारख

नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगाचं एक जुनं मनगटी घड्याळ विकायला काढलं. मॉडेल स्पीडमास्टर, साल १९५७, तबकडी उन्हाने तपकिरी झालेली. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. प्रत्यक्षात ते गेलं ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या संग्रहालयासाठी.

जून २०२३मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की हे घड्याळ जुळवाजुळव करून तयार केलेलं आहे आणि या प्रकारात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

ही बातमी वाचून बहुतेकांना एकच प्रश्न पडला. त्या घड्याळातले बहुतांश भाग ओमेगानेच बनवलेले होते. मग त्यात खोटं काय होतं? आणि जिने ते घड्याळ बनवलं त्या कंपनीलाच जर ते ओळखता आलं नाही, तर बाकीच्यांनी काय करायचं? मला जुन्या घड्याळांबद्दल मनापासून आस्था आहे, आणि हा प्रश्न मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हणून तो मुळापासून उलगडून पाहू.

'ओरिजिनल' या एका शब्दात तीन प्रश्न लपलेले असतात

आपण सहज विचारतो, "घड्याळ ओरिजिनल आहे ना?" या प्रश्नाला 'हो' असं खरं उत्तर देऊनही विकणारा आपल्याला फसवू शकतो, कारण हा एक प्रश्न नाही.

पहिला प्रश्न: हा भाग त्या कंपनीने बनवलेला किंवा तिने बनवून घेतलेला आहे का? असेल तर तो अस्सल. दुसरा: हा भाग त्या काळातल्या, त्याच मॉडेलला शोभणारा आहे का? असेल तर तो त्या काळचा. तिसरा, आणि सगळ्यात अवघड: कारखान्यातून हे घड्याळ बाहेर पडलं त्या दिवशी हाच भाग याच घड्याळात होता का? असेल तरच तो मूळचा.

लग्नाच्या फोटोंचा अल्बम डोळ्यांसमोर आणा. कुणी पाच वेगवेगळ्या लग्नांतले फोटो एकाच अल्बमात लावले, तर त्यातला प्रत्येक फोटो खराच असेल. पण असं लग्न कधी झालेलंच नसेल. वेगवेगळ्या घड्याळांचे अस्सल भाग घेऊन जुळवलेल्या घड्याळाला संग्राहक 'फ्रँकेनवॉच' म्हणतात. तुकडे शिवून माणूस उभा करण्याच्या 'फ्रँकेनस्टाईन' या जुन्या कथेवरून हे नाव पडलं. मी पुढे त्याला सरळ जुळवलेलं घड्याळ म्हणेन.

भाग बदलतात तरी का?

याचं उत्तर बहुतेक वेळा अगदी निरागस असतं. आज लिलावात काचेआड ठेवलेली ही घड्याळं एकेकाळी रोजच्या वापरातली होती. पाणबुडे, वैमानिक, मोटारशर्यतीतले चालक ती वापरायचे. नोकरदार माणूस निवृत्तीला मिळालेलं घड्याळ हातावर बांधून हिंडायचा. दर काही वर्षांनी घड्याळ दुरुस्तीला जायचं. तिथे कारागीर मशीन उघडून तेलपाणी करायचा, काच बदलायचा, तबकडीवर डाग दिसले तर नवी तबकडी बसवायचा आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, पॉलिश करून चकाचक परत द्यायचा. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे द्यायचं. पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन त्या डागांना किंमत देईल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही नव्हतं.

कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात बदललेल्या अशा भागाला 'सर्व्हिसचा भाग' म्हणतात. तो अस्सल असतो, मूळचा नसतो, आणि बरेचदा त्या काळचाही नसतो. कारण १९६२च्या घड्याळाला १९८५मध्ये कंपनी १९८५मध्ये उपलब्ध असलेलाच भाग लावणार.

काही भागांचं बदलणं कुणीच मनावर घेत नाही. काच, चावी द्यायची स्प्रिंग, पाणी अडवणारी रबराची कडी हे सगळं झिजण्यासाठीच असतं. ओमेगा स्पीडमास्टरच्या प्लास्टिकच्या काचेच्या आत मध्यभागी कंपनीचं चिन्ह इतकं बारीक कोरलेलं असतं की तिरप्या उजेडातच दिसतं. ते सापडलं की मजा वाटते, पण सापडलं नाही म्हणून कुणी घड्याळ नाकारत नाही. खरा वाद होतो तो तबकडी, काटे, केस, बेझल आणि मशीन यांवर. बेझल म्हणजे काचेभोवतीची कडी, ज्यावर कधीकधी आकडे असतात. मशीन म्हणजे आतली चाकं-स्प्रिंगांची यंत्रणा.

तबकडी

जुन्या घड्याळाच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा तबकडीचा असतो, आणि म्हणून सगळ्यात जास्त लबाडीही तिथेच होते.

रोलेक्सच्या डेटोना या मॉडेलचं उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात ६२३९ क्रमांकाचं डेटोना दोन तऱ्हेच्या तबकड्यांसह मिळत असे: एक साधी आणि दुसरी जरा भडक, वेगळ्या आकड्यांची. आतलं मशीन तेच, केस तीच. ती भडक तबकडी त्या वेळी फारशी कुणाला आवडत नसे. पुढे अभिनेते पॉल न्यूमन यांच्या हातावर तसं घड्याळ दिसलं, त्या तबकडीला त्यांचं नाव चिकटलं, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं स्वतःचं घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेलं. ही किंमत अर्थातच त्या माणसामुळे आली. पण त्यांचा हात कधीही न लागलेली तशी घड्याळंसुद्धा साध्या तबकडीच्या जुळ्या भावंडांपेक्षा कितीतरी महाग असतात. फरक फक्त एका पातळ रंगवलेल्या चकतीचा. साध्या घड्याळाची तबकडी काढून तिथे 'न्यूमन' तबकडी बसवण्याचा मोह किती मोठा असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग खरी तबकडी ओळखायची कशी? ती कशी बनली हे समजून घेऊन. नक्कल करणारा दिसणं उचलतो. बनवण्याची रीत उचलणं त्याला फार महाग पडतं. न्यूमन तबकडीच्या छोट्या वर्तुळांतल्या रेघांच्या टोकाला बारीक चौकोन असतात. ढोबळ नकलेत ते गोलसर किंवा फुगलेले निघतात.

याहून चांगलं उदाहरण सोनेरी अक्षरांच्या काळ्या तबकडीचं. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रोलेक्ससारख्या कंपन्यांच्या अनेक काळ्या तबकड्यांवर सोनेरी अक्षरं असायची. ती वरून छापलेली नसत. पितळेच्या चकतीवर अक्षरांच्या जागी संरक्षक लेप द्यायचा, चकतीवर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने काळा थर चढवायचा आणि मग लेप काढायचा. भिंतीवर चिकटपट्टी लावून रंग द्यावा आणि नंतर पट्टी ओढून काढावी, तसंच. उरलेली अक्षरं म्हणजे खालचं उघडं पितळ. त्यामुळे भिंगातून पाहिलं तर अक्षरं काळ्या थराच्या किंचित खाली बसलेली दिसतात. तबकडी पुन्हा रंगवणारा काळ्यावर सोनेरी शाई छापतो आणि त्याची अक्षरं वर उठून राहतात. मी हा फरक पहिल्यांदा स्वतः भिंगातून पाहिला तेव्हा बराच वेळ घड्याळ खाली ठेवलं नव्हतं. मिलिमीटरच्या अगदी लहान हिश्श्याइतकी ती खोली तबकडी कशी बनली ते सगळं सांगून जाते.

पाटेक फिलिपच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांवरची अक्षरं आधी धातूत कोरत, त्या खाचेत काचेसारखा मीना भरत आणि भट्टीत पक्का करत. या तबकड्या स्टर्न कुटुंबाच्या कारखान्यातून येत. पुढे १९३२मध्ये याच कुटुंबाने पाटेक फिलिप कंपनीच विकत घेतली. अक्षरं अशी पक्की असल्यामुळे तबकडी धुऊन-पुसून स्वच्छ करता येई. पण हात जड पडला की आधी जातात ते बारीक भाग. 'जिनिव्ह' हे नाव फ्रेंचमध्ये लिहिताना एका अक्षरावर छोटी तिरपी रेघ येते. ती रेघ पुसट किंवा गायब असेल, अक्षरांचे पाय बारीक झाले असतील, तर ही तबकडी कधीतरी जोरात घासली गेली आहे असं जाणकार लगेच ओळखतो. तबकडी तीच, अक्षरं तीच, तरी पूर्वीसारखी नाही. मूळपणाला अशाही पायऱ्या असतात.

तबकडीची मागची बाजूही बोलते, पण त्यासाठी घड्याळ उघडावं लागतं. तबकडीला मागे बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या ठरावीक छिद्रांत बसतात. पाय तोडून तबकडी चिकटवलेली आढळली, तर ती बहुधा भलत्याच मशीनसाठी बनलेली होती.

अंधारात चमकणारा रंग हा एक कॅलेंडरच आहे

मराठीत आपण अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सरसकट 'रेडियम' म्हणतो. घड्याळांच्या बाबतीत मात्र हा शब्द जपून वापरायला हवा, कारण काट्यांवरचा तो ठिपका घड्याळाचं वय सांगतो.

ढोबळमानाने तीन युगं आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरोखरच रेडियम वापरत. त्यानंतर १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचं एक सौम्य किरणोत्सारी रूप. त्यापुढे ल्युमिनोव्हासारखे पदार्थ आले. त्यांत किरणोत्सार नसतो. ते दिव्याचा उजेड साठवतात आणि हळूहळू परत देतात.

पहिल्या दोन प्रकारांत किरणोत्सारी पदार्थ स्वतः चमकत नाही. त्याच्या किरणांचा मारा झिंक सल्फाइड या रसायनावर होतो आणि ते चमकतं. ढोल आणि ढोल वाजवणारा अशी जोडी समजा. रेडियम हा न थकणारा वाजवणारा आहे. त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात, म्हणजे सत्तर वर्षांनीही शंभरातला सत्त्याण्णव भाग शिल्लक असतो. पण इतक्या जोराच्या माऱ्याने ढोलच फाटतो; झिंक सल्फाइड निकामी होतं. म्हणून १९५५च्या घड्याळाचे आकडे आज अंधारात काळेच राहतात, मात्र किरणोत्सार मोजणारं गायगर यंत्र जवळ नेलं की ते टकटकू लागतं.

ट्रिशियमचं निम्मं प्रमाण साधारण १२.३ वर्षांत संपतं. साठ वर्षांनी मूळच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकंच उरतं. शिवाय त्याचे किरण इतके दुबळे की घड्याळाची काचही पार करत नाहीत, त्यामुळे गायगर यंत्र शांत राहतं.

आता यातून काय निघतं ते पाहा. १९६५ सालचं म्हणून दाखवलेलं घड्याळ रात्रभर छान चमकत असेल, तर तो रंग १९६५चा असू शकत नाही. १९५५च्या घड्याळावर मूळचा चमकणारा रंग आहे असा दावा असेल आणि गायगर यंत्र मुकं राहत असेल, तर रंग नंतर भरलेला आहे. काट्यांवरचा रंग पिवळसर आणि तबकडीवरचा पांढराफटक असेल, तर दोघांनी आयुष्य एकत्र काढलेलं नाही. अतिनील टॉर्चचा उजेड क्षणभर टाकून काढला की हा फरक आणखी उघड होतो: जुना ट्रिशियमचा रंग जेमतेम उजळून पटकन विझतो, नवा रंग बराच वेळ तेवत राहतो.

तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, यावरची छोटी नोंदही असते. ट्रिशियमच्या काळात 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' हे अक्षर छापत. पण इथे एक चकवा आहे. रोलेक्सच्या तबकड्यांवर नुसतं 'स्विस' दोन वेळा भेटतं: रेडियमच्या काळात, आणि पुन्हा १९९८-९९च्या सुमारास, ट्रिशियम गेल्यावर. नुसता शब्द वाचून हुरळलेला माणूस वय ठरवताना चाळीस वर्षांची चूक करू शकतो. म्हणून शब्द, रंग आणि चमक तिन्ही एकत्र वाचायचे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रेडियमचा रंग असलेलं घड्याळ घरी उघडू नका, तो रंग खरवडू नका, त्याची भुकटी हाताळू नका. १९२०च्या दशकात अमेरिकेत रेडियमने तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करायला शिकवलं जाई. त्यांतल्या अनेकींचे जबडे कुजले, अनेकींचे जीव गेले. बंद केसमधल्या घड्याळाची आणि श्वासात गेलेल्या भुकटीची गोष्ट एक नाही.

केस: घासलेलं परत येत नाही

केसचे चार पाय, ज्यांत पट्टा अडकतो, त्यांना लग म्हणतात. केस मूळची राहिली आहे का हे बघायला सगळ्यात आधी लगांकडे बघतात. कारखान्यातून येताना त्यांच्या कडा धारदार असतात, काही मॉडेलांत कडेवर तिरपी चकचकीत पट्टी असते. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातो. नव्या साबणावरचं कोरलेलं नाव आठवा: आठवड्याभरात अक्षरं बोथट, पंधरवड्यात सपाट. घड्याळाचंही तसंच. लग बारीक होतात, चारांत सारखेपणा राहत नाही, पट्ट्याची छिद्रं कडेच्या जवळ येतात, सोन्याच्या केसवरचे शिक्के उथळ होतात.

हे शिक्के फार उपयोगाचे असतात. १८ कॅरेट सोन्याच्या जुन्या स्विस केसवर हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, मस्तक उमटवलेलं असे. १९९५पासून त्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं मस्तक आलं. १९५०च्या दशकातलं म्हणवणाऱ्या घड्याळाच्या केसवर कुत्रा दिसला, तर ती केस त्या काळची नाही. इथे मतभेदाला जागाच उरत नाही.

अलीकडे झिजलेल्या लगांवर लेझर वेल्डिंगने धातू चढवून कडा पुन्हा घडवतात. काम इतकं सुरेख होतं की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मला व्यक्तिशः साधी, प्रामाणिकपणे झिजलेली केस अशा पुन्हा घडवलेल्या केसपेक्षा जवळची वाटते. पण लेझर वापरणं हा गुन्हा नाही, ते न सांगणं हा आहे.

बेझलबद्दल एकच सांगतो. चंद्रावर गेलेलं घड्याळ म्हणून स्पीडमास्टरची ख्याती आहे. त्याच्या बेझलवर नव्वदच्या आकड्याजवळ एक ठिपका असतो. साधारण १९७०पर्यंतच्या बेझलवर हा ठिपका आकड्याच्या डोक्यावर आहे, नंतरच्यांवर बाजूला. सर्व्हिसमध्ये हजारो जुने बेझल सहज बदलले गेले, आणि आता डोक्यावर ठिपका असलेला नुसता बेझलही संग्राहक स्वतंत्र चढ्या दराने घेतात. एवढ्याशा ठिपक्यावरून घड्याळाचा भाव हलतो.

मशीन आणि आकडे

मशीनला एक क्रमांक असतो, केसला बहुधा दुसरा. रोलेक्सच्या जुन्या केसवर तो लगांच्या मधे, पट्ट्याखाली दडलेला असतो. १९५०-६०च्या दशकांतल्या अनेक रोलेक्सच्या मागच्या झाकणाच्या आत तिमाही आणि वर्षही ठोकलेलं असतं, रोमन आकड्यांत तिमाही आणि पुढे सालाचे शेवटचे दोन अंक. हे सगळे आकडे तंतोतंत एकाच दिवसाचे निघणार नाहीत, आणि निघायलाही नकोत. कारखान्यात झाकणांचा, तबकड्यांचा साठा असे. जो हाताला आला तो बसला. झाकण केसपेक्षा वर्षभर आधीचं असणं अगदी स्वाभाविक आहे. पण झाकण केसच्या दहा वर्षं नंतरचं असेल, तर ते कधीतरी बदललंय.

मशीनचे पूल, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्या, एकाच छटेचे हवेत. १९५०-६०च्या ओमेगा मशीनवर तांबूस मुलामा असतो. त्यातली एकच पट्टी फिकट असेल तर ती दुसऱ्या मशीनमधून आली असावी. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर किती हातांनी ते मशीन उघडलं याचा अंदाज येतो.

"पण कंपनीचा कागद आहे ना सोबत!"

ही सगळ्यात नेहमीची हरकत, आणि याच समजुतीचा सगळ्यात जास्त फायदा उठवला जातो. पाटेक फिलिपसारख्या काही कंपन्या आपल्या जुन्या वह्यांतून उतारा देतात: अमुक क्रमांकाचं मशीन, अमुक क्रमांकाची केस, या साली बनलं, या साली विकलं गेलं. लाँजिनच्या नोंदवह्या तर एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातात. रोलेक्स मात्र सर्वसाधारण मालकांना असा उतारा देत नाही.

उतारा म्हणजे जन्मदाखला. या क्रमांकाचं घड्याळ जन्मलं होतं, एवढंच तो सांगतो. आज समोर ठेवलेल्या घड्याळाची तबकडी, काटे, बेझल तेव्हाचेच आहेत का, याबद्दल तो बहुतेक गप्प असतो. जुळवणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो खऱ्या नोंदीत बसेल असं मशीन शोधतो आणि बाकीचं घड्याळ त्याच्याभोवती उभं करतो. २०२१च्या त्या स्पीडमास्टरच्या बाबतीत ओमेगाने हेच सांगितलं की कंपनीच्या जुन्या नोंदींची माहिती वापरून घड्याळाला खोटी पार्श्वभूमी देण्यात आली. नोंदी खऱ्या होत्या आणि म्हणूनच त्यांच्या आधारावर सगळं खपून गेलं.

"प्रयोगशाळेत तपासून एकदाचं ठरवत का नाहीत?"

काही गोष्टी ठरतात. रंगात त्या काळी अस्तित्वातच नसलेलं रसायन सापडलं, तर विषय संपला. पण प्रयोगशाळा 'हे १९५७चं असू शकत नाही' असं सांगू शकते. 'हा काटा १९५७मध्ये याच घड्याळात होता' हे सांगणारं कुठलंही यंत्र नाही. त्याच काळचा अस्सल काटा दुसऱ्या घड्याळातून काळजीपूर्वक आणून बसवला, तर रसायनशास्त्राला फरक कळायचं काही कारणच नाही.

तिथे कामाला येते ती भागांची आपसातली साक्ष. एकाच घरात राहिलेल्या माणसांच्या आठवणी जुळतात, तसे एकत्र जगलेले भाग एकमेकांवर खुणा ठेवतात. रेडियमचा काटा वर्षानुवर्षं एका जागी थांबला असेल, तर त्याच्याखाली तबकडीवर त्याच आकाराची भाजल्यासारखी सावली उमटते. सध्याचा काटा त्या सावलीवर ठेवला आणि आकार जुळला नाही, तर काटे बदललेत. ओल ज्या बाजूने शिरली त्याच बाजूला तबकडी, काटे आणि मशीन तिघांवरही डाग हवेत. तबकडी डागाळलेली आणि तिच्याखालचं मशीन लखलखीत असेल, तर त्यांपैकी कुणीतरी नवखं आहे.

"भाग कंपनीचाच आहे, मग बिघडलं कुठे?"

वापरण्यासाठी घड्याळ घेत असाल, तर खरंच काही बिघडलेलं नाही. सर्व्हिसची तबकडी असलेलं घड्याळ वेळ तितकीच नीट दाखवतं, आणि कित्येकदा दिसतंही जास्त देखणं. ज्याला ते आवडतं त्याने आनंदाने वापरावं.

बिघडतं ते किंमत मागताना. ज्याची तबकडी, काटे, केस सगळं जसंच्या तसं राहिलं अशी घड्याळं मोजकीच उरलीत, आणि संग्राहक पैसे देतो ते त्या दुर्मिळपणाला. बदललेला भाग न सांगता तोच पैसा घेणं ही फसवणूक आहे, भाग कितीही अस्सल असला तरी. शिवाय याचा एक परिणाम मला फार खटकतो. सुट्या भागांना इतका भाव आला की चांगली, चालती घड्याळं मोडली जातात: तबकडी एकीकडे, काटे दुसरीकडे, पट्टा तिसरीकडे. अर्धशतक एकत्र टिकलेली वस्तू एका दुपारी कायमची संपते, आणि तिच्या तुकड्यांतून तीन घड्याळं 'सुधारतात'.

म्हणून घेताना "ओरिजिनल आहे ना?" असं विचारू नका. विचारा: "यातलं काय काय बदललंय?" तबकडीचं वेगळं विचारा, काट्यांचं वेगळं, बेझलचं वेगळं. केस किती वेळा पॉलिश झाली, रंग पुन्हा भरलाय का, घड्याळ उघडून मशीनचा फोटो मिळेल का. प्रामाणिक विकणारा काही प्रश्नांना "माहीत नाही" म्हणेल. माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो. साठ वर्षांच्या घड्याळाबद्दल ज्याला सगळंच छातीठोक माहीत आहे, त्याच्याकडून सावकाश घ्यावं. उत्तरं लेखी घ्यावीत.

घरात आधीच असं घड्याळ असेल तर?

आजोबांचं किंवा आईचं घड्याळ असेल, तर आधी ते पॉलिशला देऊ नका. धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसा, एवढं पुरे. तबकडीवरचे डाग 'काढून' घेऊ नका. डाग राहिले तर तबकडीचं काही अडत नाही, पण पुन्हा रंगवलेली तबकडी परत मूळची होत नाही.

मशीनला तेलपाणी मात्र जरूर करून घ्या, चालतं घड्याळ वाळलेल्या तेलावर झिजत राहतं. कारागिराला आधीच सांगा: केस पॉलिश नको, काट्यांना रंग नको, आणि काहीही बदलायची वेळ आली तर आधी विचारा. बदलावंच लागलं, तर काढलेला जुना भाग मागून घ्या. वाकलेली चावी, तडकलेली काच, गंजलेला काटा, काहीही असो. ते एका छोट्या पाकिटात घालून वर तारीख, काय काढलं आणि का काढलं एवढं लिहून घड्याळासोबत ठेवा. चाळीस वर्षांनी कुणी भिंग घेऊन त्या घड्याळासमोर बसलं, तर त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.